प्रवरेकाठचा ऑक्टोपस

कुंदाचा फोटो आला तेव्हा ओहोटी होती आणि मी देवगडच्या खडपात (खडकाळ किनाऱ्यावर) घोट्याभर पाण्यात उभी होते. फोटोत एक काचेची टाकी, तिच्यामागे लाल-पिवळी कनात आणि टाकीतल्या दगडाला चिकटलेला लिंबाएवढा मातकट गोळा. खाली कुंदानं लिहिलं होतं, "ताई, तुझा ऑक्टोपस आमच्या बेलापुरात आलाय. मैदानावर तंबू पडलाय. येतेस का बघायला?"

कुंदा माझी धाकटी बहीण, नगर जिल्ह्यात दिलेली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्याही बदलल्यात. जिभा अजून नगरच म्हणतात. लग्न झाल्यापासून कुंदा मला बोलावते आहे. बारसं, वास्तुशांत, मुलाची मुंज, प्रत्येक वेळी मी काहीतरी कारण काढून टाळलं. ऑक्टोपससाठी मात्र त्याच आठवड्यात पिशवी भरली. हे तिनं मला पुढं ऐकवलंच.

माझं हे वेड तसं उशिराचं. नगरपंचायतीतली नोकरी संपायला आली होती, गुडघ्यांसाठी म्हणून किनाऱ्यावर चालायला लागले होते. एका ओहोटीला डबक्यात पडलेली करवंटी आपोआप मिटताना दिसली. दोन अर्धुकं होती. वरचं अर्धुकं आतून कुणीतरी ओढून घेतलं आणि फटीतून एक डोळा माझ्याकडे बघत राहिला. नुसता बघत नव्हता. 'कोण गे तू?' असं विचारत होता. आमच्या घरात ऑक्टोपसच्या कुळातलं म्हाकूल (स्क्विड) म्हणजे तिखलं (तिखट कालवण) आणि भात, एवढीच ओळख. त्या दिवसापासून मला ते तिखलं खाववेना. मग वाचनालयातली पुस्तकं, मोबाईलवरचे व्हिडिओ, आणि रोजची ओहोटी. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही. तीन हृदयं, निळं रक्त, हाडाचा पत्ता नाही आणि तरी बाटलीचं झाकण उघडायची अक्कल, असं काही वाचलं की मला ते कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, इतकंच. घरचे कंटाळलेत.

पुण्यापर्यंत एसटी आणि तिथून मनमाडकडे जाणारी गाडी. दौंड सोडलं आणि खिडकीबाहेरचं हिरवं एकदम संपलं. माळ, बोरी-बाभळी, मधेच ज्वारीचा तुकडा, लांबवर एखादं शेततळं चकाकणारं. समुद्रापासून माणूस इतका लांब येऊ शकतो याचंच मला नवल वाटत होतं. राहुरी मागे पडल्यावर रान पुन्हा भरलं: ऊस, ऊस आणि ऊस. रुळांच्या कडेला ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या), त्यांच्यापुढे बैल, चुली, वाळत घातलेली लुगडी.

'बेलापूर' अशी पाटी दिसली आणि मी उतरले. कुंदाला फोन केला, "पोचले गं, स्टेशनबाहेर उभी आहे."

"कुठल्या स्टेशनबाहेर? आमच्या गावात स्टेशनच नाही!"

बाजूचा रिक्षावाला हसायला लागला. "मावशी, पाटी बेलापूरची हाय, पन गाव श्रीरामपूर. खरं बेलापूर पुढं ऱ्हायलं, प्रवरेच्या कडंला. बसा, सोडतो."

रस्त्यानं उसाच्या दुहेरी ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, प्रत्येकावर गाणी मोठ्यानं लावलेली. एका ट्रॉलीतून उसाची कांडी निसटून आमच्या टपावर आदळली आणि मी किंचाळले. रिक्षावाल्यानं मानसुद्धा वळवली नाही.

कुंदाचे यजमान बाळासाहेब शेती बघतात आणि भाजीपाल्याची वाहतूक करायला स्वतःचा पिकअप टेम्पो चालवतात. उंच, संथ, मिश्किल माणूस. जेवायला बसल्यावर त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं. "ताई, तुमी समुद्राकडच्या, म्हनून खास मासवडी."

मी मोठ्या आशेनं तुकडा मोडला. बेसनाचं पातळ आवरण, आत तीळ, खोबरं, कांदा, लसूण, आणि बाजूला जाळ काढणारा काळा रस्सा.

"यात मासा कुठाय?"

"नावात हाय की!" बाळासाहेब म्हणाले आणि कुंदा पदर तोंडाला लावून हसली. मी मात्र तीन वड्या आणि बाजरीची भाकरी संपवली.

दुपारी कुंदा मला बाजारात घेऊन गेली. काष्ठौषधीच्या दुकानात एका बरणीत मला ओळखीची वस्तू दिसली आणि मी थबकले. पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर अशा कितीतरी पडलेल्या असतात.

"समुद्रफेस हाय त्यो," दुकानदार म्हणाले. "समुद्राचा फेस वाळून हुतो. कानाला, पोटाला, लई गुनकारी."

"फेस नाही हो. म्हाकुलाच्या जातीचा एक प्राणी असतो, त्याच्या पाठीतलं हाड आहे हे."

ते बरणीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे मासळीचं हाडूक?"

"तसंच म्हणा."

"हळू बोला, ताई!" त्यांनी बरणीवर झटकन फडकं टाकलं. "उपासाला घेत्यात लोकं हे माझ्याकडून!"

तिथून आम्ही हसतहसतच मैदानावर गेलो. ते माझं त्या दिवसातलं शेवटचं हसू.

तंबूवर मोठ्या अक्षरांत 'समुद्राची सफर' लिहिलं होतं. दारात नूरजहाँभाभी बसल्या होत्या; तंबू त्यांचे पती शब्बीरभाई यांचा. मागे जनरेटरपाशी शब्बीरभाईंचा धाकटा भाऊ युसूफ. माणसं एवढीच, तिघं, आणि तिघंही मूळचे याच भागातले. आत ओळीनं टाक्या मांडलेल्या: सोनेरी मासे, काळे मासे, एक सुस्त कासव. तोडणीवाल्या बाया डोक्याचे पदर सावरत काचेला नाक लावून बघत होत्या.

शब्बीरभाई पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, बाह्या दुमडलेल्या. कुंदानं माझी ओळख करून दिली तशी त्यांचा चेहरा फुलला.

"देवगडहून? आमच्या चिंगीसाठी? या, या, ताई!"

चिंगीची टाकी सगळ्यात शेवटी होती, मिठाच्या पाण्याची. दगडाच्या भोकातून ती अर्धी बाहेर आली होती. आमच्याकडचे ऑक्टोपस हातभर असतात. ही मुठीत मावली असती. पिवळसर, नाजूक, हातांची टोकं सुताएवढी.

"मी मागवलीच न्हवती," शब्बीरभाई सांगू लागले. "टाकीसाठी शोभेचं दगड मागवलं दक्षिनेकडून. त्याच्या भोकात बसून आली. दगड पान्यात सोडला आन् दुसऱ्या दिवशी बगतो तर दगडाला डोळं फुटलेलं!"

"खाते काय?"

"प्रवरेतलं बारकं खेकडं. मी सोता पकडून आनतो. माझ्याशिवाय कुनाच्या हातून खात न्हाई."

त्यांच्या बोलण्यात लेकीचं कौतुक करावं तसा सूर होता. मी काचेशी वाकले. चिंगीनं एक हात काचेवर टेकवला, बरोबर माझ्या नाकासमोर, आणि मला गलबलून आलं. चहूकडे काळी माती, ऊस, धूळ, गाणी. आणि त्यात हा समुद्राचा जीव माझ्याकडे डोळा लावून बसलेला. बराच वेळ मी तशीच होते. मग तिच्या अंगावर काहीतरी दिसलं. पुसट वर्तुळं, पेन्सिलीनं काढून खोडल्यासारखी. कुठंतरी वाचलं होतं हे. काय वाचलं होतं ते काही केल्या आठवेना.

"तुमी लांबून आलात. थांबा, नीट दाखवतो," शब्बीरभाई म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी पाण्यात हात घालून चिंगीला ओंजळीत वर काढलं.

तळव्यावर येताच ती आक्रसली. तिचं पिवळं अंग गडद झालं आणि त्या पुसट वर्तुळांतून निळा रंग पेटला. पेटला असंच म्हणते. मोरपिसाच्या डोळ्यात असतो तसा निळा, पण हा लुकलुकत होता. सगळ्या अंगभर कडी पेटत होती, विझत होती. भोवतीच्या बाया "अगंबाई!" म्हणून पुढं सरकल्या. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि त्याच क्षणी मला आठवलं.

निळ्या कड्यांचा ऑक्टोपस. पुस्तकात त्या पानावर लाल चौकट होती.

कुंदाचा दंड धरून मी ओरडले, "पाण्यात सोडा तिला! सोडा!"

शब्बीरभाई दचकले. चिंगी टाकीत पडली आणि भोकात शिरली.

"चावली का?"

"छ्या! हिला दात कुठं हायत?"

"दात नाहीत, चोच असते, पोपटासारखी. हात दाखवा."

अंगठ्याच्या बुडाशी रक्ताचा थेंब होता, बाभळीचा काटा टोचावा एवढा. ते म्हणाले, दुखतही नाही. मला त्या न दुखण्याचीच जास्त भीती वाटली, कारण तसंच लिहिलेलं होतं.

"शब्बीरभाई, दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता."

"तंबू टाकून? एवढ्याशा टोचन्यासाठी?" ते हसले. लोकही हसले. आणि खरं सांगायचं तर मीही डगमगले. असला जीव मी प्रत्यक्ष कधी पाहिलेला नव्हता. पुस्तकातलं एक चित्र, त्याच्या जोरावर परक्या गावात परक्या माणसाचा खेळ बंद करायला निघालेली मी कोण? गडबडीचा आवाज ऐकून नूरजहाँभाभी आत आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, खरं सांगा. काय हुईल?"

"हिच्या विषानं अंग लुळं पडतं. श्वास बंद होतो. उतारा नाही."

"तसलं काय न्हाई," शब्बीरभाई म्हणाले. "ओठ जरा बधिर झाल्यात. सकाळची मिसळ लई तिखट हुती..." बोलता बोलता ते थांबले. डोळे चोळले. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "दोन दोन ताई दिसत्यात मला."

कुंदानं बाळासाहेबांना फोन लावला तेव्हा ते मैदानाच्या टोकाशीच पिकअप लावून चहा पीत होते. रुग्णवाहिकेची वाट बघायची नाही असं ठरलं. भाभींनी ओढणी काढून दिली. मी ती शब्बीरभाईंच्या हातावर बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत आवळून गुंडाळली. पिकअपपर्यंत ते चालत आले, पण दारू प्यायल्यासारखे. चढताना पाय उचलेना. युसूफनं त्यांना मागून उचलून घेतलं. कुंदा पुढं बसली. मागे आम्ही तिघं, आणि मधे शब्बीरभाई भाजीच्या रिकाम्या पोत्यांवर आडवे.

गावाबाहेर पडताच त्यांची जीभ जड झाली. "पानी" म्हणाले असावेत, कळलं नाही. मग हात पडला. पापण्या अर्ध्यावर आल्या आणि तिथंच राहिल्या. छाती वर-खाली होत होती ती उथळ झाली, आणखी उथळ झाली. आणि थांबली.

भाभींनी हंबरडा फोडला.

आमच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडतात, म्हणून एकदा जीवरक्षकांनी गावकऱ्यांना बोलावून तोंडानं श्वास कसा द्यायचा ते रबरी बाहुल्यावर दाखवलं होतं. मी त्या बाहुल्यावर दोनदा फुंकर मारली होती आणि पदरानं तोंड पुसून घरी आले होते. आता माझ्यासमोर दाढीवाला, घामानं भिजलेला, माणसासारखा माणूस होता. मी त्यांची हनुवटी वर केली, नाक दाबलं, तोंडावर तोंड ठेवून फुंकलं. छाती वर आली. ती वर आलेली बघून मला रडूच फुटलं. पुन्हा फुंकलं. मानेवर बोटं ठेवली, शीर उडत होती.

"भाभी, हृदय चालू आहे! नुसता श्वास गेलाय. तुम्ही पण करा. मी दमले की तुम्ही."

त्यांनी एकदाच डोळे पुसले आणि शिकल्या. बाहुल्यावर शिकलेल्या माझ्यापेक्षा त्यांची फुंकर भरदार होती.

श्रीरामपूरच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली कलंडली होती. रस्ताभर ऊस, दोन्हीकडे वाहनं. बाळासाहेब उतरून ओरडायला लागले, "बाजूला घ्या! मानूस जातंय हो!" लोक धावले. हातात कोयते असलेली तोडणीवाली गडीमाणसं पाचट-ऊस उचलून टेम्पोपुरती वाट करू लागली. काहीजण पिकअपमध्ये डोकावले. एका म्हाताऱ्यानं शब्बीरभाईंच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मीही पाहिलं. बाहुल्या मोठ्या, काळ्या, हलत नव्हत्या.

"गेलं की ओ हे," तो हळूच म्हणाला. "बाई, कशाला छळताय?"

"गेलेले नाहीत! ऐकू येतंय त्यांना! विषानं अंग हलत नाही, पण सगळं ऐकू येतं, सगळं कळतं!" मी हे एका दमात ओरडले. पुस्तकात तसं लिहिलं होतं. त्या डोळ्यांकडे बघताना माझा स्वतःचा त्यावर विश्वास राहिला नव्हता.

भाभींचा मात्र बसला. माझी फुंकर चालू असताना त्या त्यांच्या कानाशी वाकल्या आणि बोलायला लागल्या. काय बोलावं ते सुचेना, म्हणून भांडायला लागल्या. "ऐकताय नव्हं? मागल्या पडवीचं पत्रं बदलायचं ऱ्हायलंय. किती दिस झालं सांगतीय. मी न्हाई चढनार वर. तुमालाच चढायचंय. ऐकताय नव्हं?"

युसूफ इतका वेळ भावाचं डोकं मांडीवर धरून गप्प होता. तरुण, दणकट पोरगा, पण चेहरा राखेसारखा झालेला. अचानक तो म्हणाला, "बास करा, ताई."

मी फुंकतच राहिले.

"बास करा म्हनतो ना! गेला भाई. त्येचे हाल करू नका. सोडा त्येला." आणि त्यानं दुवा पुटपुटत आपला तळवा शब्बीरभाईंच्या डोळ्यांवर ठेवला आणि पापण्या मिटल्या.

भाभींनी त्याचा हात झटकून टाकला. पिकअपला धक्का बसला; वाट झाली होती.

दवाखाना लहान होता, दुमजली. डॉक्टर चाळिशीचे, बोलायला तुटक. "काय चावलं?" त्यांनी विचारलं आणि मी "ऑक्टोपस" म्हटलं तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता हे मला बाहेर काढतील. मी धापा टाकत सांगितलं: लुळेपणा, श्वास बंद, शुद्ध शाबूत, हृदय चालू.

"म्हणजे मण्यारीसारखं," ते म्हणाले.

"काय?"

"मण्यार. साप. तोडणीच्या हंगामात कोप्यांत झोपलेली माणसं आणतात माझ्याकडे, अगदी अशीच. डोळे उघडत नाहीत, श्वास नाही, आणि नातेवाईक म्हणतात मेला." बोलता बोलताच त्यांनी नळी घशात घातली होती. "मण्यारीवर लस तरी असते. याच्यावर?"

"काही नाही. फक्त श्वास द्यायचा, विष उतरेपर्यंत."

"मग देऊ श्वास." त्यांनी यंत्र सुरू केलं, आणि परिचारिकेकडे वळून म्हणाले, "झोपेचं औषध द्या यांना. ऐकत असतील तर घाबरले असतील."

समुद्रापासून इतक्या लांब, कोरड्या जमिनीवर, या विषाला ओळखणारं कुणी नसेल अशी माझी खात्री होती. आणि इथं तर त्याची सख्खी बहीण बांधाबांधावर राहत होती. मी बाकड्यावर बसले. तोंडात खारट चव होती. माझा ओठ फुटला होता हे तेव्हा कळलं. कुंदानं माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले, लहानपणी मी तिचे धरायची तसे.

सकाळी डॉक्टरांनी बोलावलं. "बोट हललं."

त्यांना तो प्राणी बघायचा होता. बाळासाहेब आणि मी तंबूत गेलो. आदल्या दिवशीच्या पळापळीत जनरेटर बंद पडला होता आणि नंतर त्या टाकीजवळ जायची कुणाची छाती झाली नव्हती. पाणी गढूळ झालं होतं. चिंगी तळाशी पडली होती, पांढरी, सैल, एकाही कड्याचा मागमूस नाही. लांब दांड्याच्या झाऱ्यानं मी तिला काचेच्या बरणीत घेतलं. एका माणसाचा जीव वाचला होता, आणि मला त्या एवढ्याशा गोळ्याचं इतकं वाईट वाटलं की मी बाळासाहेबांकडे पाठ करून उभी राहिले. ते समजले असावेत.

"तिचं तरी काय चुकलं," ते म्हणाले. "घरातनं उचलून आनलं तिला."

डॉक्टरांनी बरणी उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि परत दिली. "एवढीशी," म्हणाले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी शब्बीरभाईंना भेटायला गेले. नळी काढली होती, आवाज घोगरा होता, उठून बसले होते. भाभी चहा आणायला खाली गेल्या होत्या. शब्बीरभाई म्हणाले, "ताई, ऐकू येत हुतं."

वाचणं वेगळं, ऐकणं वेगळं.

"सगळं?"

"सगळं. अंग मेलेलं, पापनी हलंना, पन ऐकू येत हुतं. ट्रॅक्टरवरची गानी ऐकू येत हुती. आधी वाटलं, मेलोच. मग नूरजहाँ पत्र्यावरनं भांडाय लागली. म्हनलं, मेल्यावर बी ही सोडंना म्हंजे मी अजून मेलेलो नसनार." ते हसले आणि खोकले. मग त्यांचा चेहरा बदलला. "युसूफचं बी ऐकलं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"डोळं मिटलं ना त्यानं माझं, तेव्हा अंधार झाला. तवर उजेड तरी दिसत हुता. लई घाबरलो, ताई. आतनं वरडत हुतो, आरं जित्ता हाय मी, युसूफ, जित्ता हाय." त्यांनी पांघरूण मुठीत धरलं. "त्याला मी सांभाळलंय लहानाचा मोठा. अब्बा गेले तवा एवढा हुता. माझे हाल बघवंनात म्हनून बोलला त्यो. मला ठावं हाय. पन त्याला कळलं की मी ऐकलं, तर त्यो जगायचा न्हाई. त्याला सांगितलंय, मला कायबी आठवत न्हाई. गाडीत चढलो, आन् हितं जागा झालो. तुमी बी तसंच म्हना."

भाभी चहा घेऊन आल्या. आम्ही तिघांनी चहा घेतला. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे, यावर बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी कुंदा आणि बाळासाहेब मला गाडीत बसवून द्यायला आले. कुंदानं बाजरीचं पीठ, पेरू आणि डब्यात मासवडी दिली. "आता ऑक्टोपस नसला तरी येत जा," ती म्हणाली आणि मी तिला जवळ घेतलं. बाळासाहेब पाण्याची बाटली आणायला गेले, कुंदा त्यांच्यामागे गेली, तेवढ्यात फलाटावरून युसूफ धावत आला. माझ्या खिडकीशी थांबला. खिडकीच्या गजाला धरून म्हणाला, "ताई, तुमी गाडीत म्हनत हुता, भाईला ऐकू येतंय म्हनून."

"हो, म्हणत होते."

"भाई म्हनतो, त्याला कायबी आठवत न्हाई." त्याचे डोळे लाल होते, कितीतरी रात्री झोपला नसावा. "तुमी एवढं वाचलंय त्यातलं. खरं सांगा. त्याला ऐकू आलं नव्हतं ना?"

त्या जिवाबद्दल आजवर कुणी मला काही विचारलं की मी आनंदानं, खरं तेच, आणि लागेल त्यापेक्षा जास्त सांगत आले. त्या खिडकीत बसून मला दिसत होतं, की हा पोरगा माझ्या एका शब्दावर उभा आहे.

"नाही रे," मी म्हटलं. "भाभींना धीर यावा म्हणून मी बोलले. पुस्तकात लिहिलेलं सगळंच काही खरं नसतं."

त्यानं गजावर कपाळ टेकलं आणि तसाच उभा राहिला. गाडी हलली तेव्हा बाजूला झाला, दोन पावलं बरोबर चालला, मग थांबला.

ऊस मागे पडला, माळ सुरू झाला. घरी परतून आता बरेच दिवस झालेत. लोक विचारतात आणि मी त्या निळ्या रंगाचं वर्णन करते. ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे होतात. माझे तसे होत नाहीत. विष असतं, ते चढतं आणि उतरतं, हे मी वाचलेलं होतं. ज्याच्या हातानं आपले डोळे मिटले त्याच्याच झोपेची काळजी करणारा माणूस मी कुठं वाचला नव्हता, आणि रात्री जाग आली की मला दचकायला होतं ते त्याच्या आठवणीनं. या लिखाणातली नावं मी बदलली आहेत. तरी हे कधी युसूफच्या वाचनात आलंच, तर त्याला मी जे सांगितलं, तेच त्यानं खरं समजावं.